टिटवाळ्यातली गौर

मंडईत कुणी कैरी कापून दाखवली की त्या आंबट वासासरशी मला आईचं टिटवाळ्याचं घर आठवतं. वर्तकनगरची आमची बिल्डिंग पाडायला घेतली आणि आई टिटवाळ्याच्या नव्या सोसायटीत एकटी राहायला गेलेली. चैत्रात गौर महिनाभर माहेरी येते, तेव्हा तिचं हळदीकुंकू करायचंच, असा आईचा हट्ट. चारही मजले फिरून ती दारोदार बोलावणं करून आली. "सगळ्या येते म्हणाल्यात गं," ती खुशीत म्हणाली. मी ठाण्याहून मदतीला गेले. पितळी गौर झोपाळ्यात बसवली, पातेलंभर आंबेडाळ वाटली, पन्हं गार करत ठेवलं. पाचपासून आई दार उघडं टाकून काठापदराच्या साडीत बसून राहिली. लिफ्ट थांबायची, पावलं वाजायची आणि दुसरंच दार उघडायचं. साडेसातला एक बाई आली. आई लगबगीनं कुंकवाचा करंडा घेऊन उठली. "काकू, तुमच्या चपला पॅसेजमध्ये आल्यात, आत घ्या ना," एवढं बोलून ती गेली. आई तशीच उभी राहिली. मग गौरीकडे बघत हळूच म्हणाली, "हिला वाटेल, कुठल्या माहेरी आले." पुढच्या वर्षी तिने गौर बसवली नाही. मीही बसव म्हणाले नाही. खरं तर माझी एक सुट्टी वाचली, असंच मला वाटलं. आता आई नाही. गौर माझ्या कपाटात फडक्यात गुंडाळलेली आहे, आणि माझ्यानंतर तिला घेणारं कुणी नाही.