मंद डायोड आणि माझा माफीनामा

आमच्या गावात बन्नीमंटपापलीकडे इन्व्हर्टर बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथं मी टेस्टिंगला होते, जोडणीही माझीच. नोकरी कच्ची, सहा महिन्यांनी कायम व्हायची, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, रिटायर झाल्यावर घर माझ्याच पगारावर. पाचव्या महिन्यात इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर फटाफट उडायला लागले. मॅनेजर माझ्यावर घसरले. "जोडणी धड नाही तुमची. माफीनामा लिहून द्या, मग कायम करायचं बघू."

माफीनामा! माझी जोडणी चोख होती. खोट नव्या डायोडांत, करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागांत होती. खरेदीवाल्यानं व्होल्ट नि अँपिअर तेवढे जुळवले आणि साधे, मंद डायोड आणले. चालू डायोडच्या पोटात इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, खच्चून भरलेले असतात. दोघं मिळून करंट नेतात. व्होल्टेज उलटलं म्हणून ते लगेच नाहीसे होत नाहीत. मंद डायोडात त्यांना सरायला वेळ लागतो; तोवर डायोडमधून करंट चक्क उलटा धावतो, आणि तडाखा बसतो ट्रान्झिस्टरला.

घरी आईला सांगितलं. "अय्यो, सुम्ने, गप आपली सही करून टाक गं," ती म्हणाली. आमच्या घरची मराठी अशीच, निम्मी कन्नड. "सहीनं काय हात मोडतो?"

"माझा मोडतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर करंटची रेघ शून्यावर न थांबता खाली, उलट्या बाजूला घसरली.

"डायोडमधून उलटा करंट जात नाही, एवढं कॉलेजात शिकवलं नाही?" मॅनेजर म्हणाले.

"शिकवलं, सर. अर्धंच शिकवलं."

मग जुन्या साठ्यातले जलद डायोड बसवले. रेघ जराशी खाली जाऊन लगेच वर आली. दिवसभरात एकही ट्रान्झिस्टर उडाला नाही.

संध्याकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुमचं बरोबर होतं. डायोड बदलून घेऊ." आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "पण चूक टेस्टिंगची, असं मालकांना कळवून झालंय. एवढी सही करा, उद्याच कायमचं पत्र देतो."

माझं डोकंच फिरलं. पेन घेतलं, 'माझ्या जोडणीत चूक झाली' यावर काट मारली, वर लिहिलं, 'डायोड चुकीचे आणले', आणि खाली ठसठशीत सही केली. "हा कागद पाठवा मालकांना."

पत्र आलं नाही. महिनाअखेरीला मला घरी बसवलं. माझ्या जागी आलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून जलद डायोड मिळाले. मिळाले ना? मग मी हरले, असं मला कुणी सांगू नका.