बी-४०२ सहमत

आमच्या सोसायटीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की सगळे माझ्याकडे येतात. दोन दिवस पाणी आलं नाही, लिफ्ट अडकली, कुणाचे सासरे गेले, की सेक्रेटरी काका बेल वाजवणार आणि म्हणणार, "जरा लिहून दे गं, तुझं बरं जमतं." मी लिहून देते. मग तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडतो आणि त्याखाली उत्तरं येतात. ए-२०३ सहमत. बी-४०२ सहमत. सी-१०१ सहमत. कोण वाचतं, कोण नाही, देव जाणे. पण माझ्या शब्दांवर अख्खी सोसायटी माना डोलावते याचा मला गर्व होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा घोळ त्या गर्वानेच घातला.

आई माझ्याकडे राहते, डोंबिवलीत, मानपाड्याला. तिने बत्तीस वर्षं ठाण्यात वर्तकनगरच्या एका शाळेत मराठी शिकवलं. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पळणारं पोर ती नुसत्या हाकेने जागच्या जागी थांबवायची. दोन वर्षांपूर्वी तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. चार महिने ती पाटीवर लिहून बोलली. नंतर आवाज आला, पण तो तिचा नव्हता. खरखरीत, मध्येच तुटणारा, वाक्याच्या शेवटी विरून जाणारा. आईने फोन घेणं सोडलं. दारात कुणी आलं की मला पुढे करायची. भाजीवाल्याला बोटाने भाजी दाखवायची. मला भयंकर संताप यायचा. तिचा नाही, त्या घशाचा. आणि कधी कधी तिचाही.

तिची एक जुनी विद्यार्थिनी आता डबिंगचं काम करते. वर्तकनगरलाच तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचा स्टुडिओ आहे. ती एकदा आईला भेटायला आली, पोहे खाल्ले, आईचं तुटक बोलणं ऐकलं आणि चपला घालता घालता म्हणाली, "बाई, मला ना, हाच आवाज हवाय."

एका टीव्ही चॅनेलने नाताळचे तीन परदेशी सिनेमे घेतले होते. खास टीव्हीसाठीच बनवलेले. तिन्हींत तेच गाव, तेच घर आणि तीच आजी. बर्फ पडतंय, बेकरी बंद पडायला आलीय, नात शहरातून रुसून परत आलीय, असा सगळा मामला. ते मराठीत डब करायचे होते आणि आजीला आवाज हवा होता. आईने मानेनेच नाही म्हटलं. विद्यार्थिनी ऐकेना. शेवटी आईने पाटीवर लिहावं तसं हवेत बोटाने लिहिलं, "एकदाच."

रेकॉर्डिंगला मी तिला स्कूटरवरून नेलं. तिने तोंडावर घट्ट स्कार्फ बांधला होता. शीळफाट्याला ट्रकच्या रांगेत अर्धा तास अडकलो, पण ती एक शब्द बोलली नाही. घसा राखून ठेवला होता. स्टुडिओत काचेपलीकडे ती कानांवर हेडफोन लावून बसली आणि पहिलंच वाक्य वर्गात शिकवावं तसं एकेक शब्द तोडून असं म्हणाली की विद्यार्थिनीने हात जोडले. "बाई, शिकवू नका. नुसतं बोला."

एक प्रसंग होता. नात बेकरी बंद करताना दिवा मालवायला जाते आणि आजी तिला अडवते. कुणी रस्ता चुकलेला आला तर त्याला दिसायला हवं, असं काहीसं वाक्य लिहून दिलं होतं. पडद्यावरच्या आजीचे ओठ मात्र दोन-तीन शब्दांतच मिटायचे. तीन वेळा वाक्य उरलं. आयुष्यभर मुलांना पूर्ण वाक्यात उत्तर लिहायला लावणाऱ्या आईने मग स्वतःच पेनाने अख्खी ओळ खोडली आणि म्हणाली, "दिवा राहू दे." शेवटच्या "दे"ला आवाज फाटला. आई "परत करू" म्हणाली. विद्यार्थिनी म्हणाली, "अजिबात नाही."

परत येताना शीळफाट्याला माझ्या पाठीमागून हाक आली, "अगं, त्या ट्रकच्या मागे कशाला लागतेस!" मला रडूच फुटलं, स्कूटर चालवताना. त्या संध्याकाळी आईने भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून मोठ्याने वाद घातला.

पण पहिला सिनेमा ही परीक्षा होती, ते आम्हा दोघींना आधीच सांगितलेलं होतं. तो नाताळच्या दुपारी दाखवणार, नंतर आठ दिवस चॅनेलच्या इंटरनेटवरच्या पानावर ठेवणार. त्याखाली प्रेक्षक आपली मतं लिहिणार आणि चॅनेलवाले ती वाचणार. आजी पटली तर पुढच्या दोन सिनेमांतही आई. नाही पटली तर दुसरा आवाज.

आईकडे साधा बटणांचा फोन आहे. तिने मला समोर बसवून बजावलं, "आठव्या दिवशी संध्याकाळी तू मला सगळी मतं वाचून दाखवायचीस. चांगली, वाईट, एकही गाळायचं नाही. तोवर मी विचारणार नाही आणि तू सांगायचं नाहीस. पेपर तपासून होईपर्यंत मधेच डोकवायचं नसतं." एक दोनशे पानी वही तिने त्यासाठी काढून ठेवली.

मी मात्र पहिल्या तासापासून डोकावत होते. "मस्त." "बर्फ बघून थंडी वाजली." "जाहिराती किती त्या." "नातीचा आवाज गोड आहे." "आपले सण संपले का, की नाताळ दाखवताय?" आजीबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाने लिहिलं, "आजीचा घसा बसलाय का? कुणाला घेतलंय?" त्याखाली हसणारे चेहरे. त्याखाली दुसऱ्याने, "आजीला हळदीचं दूध द्या रे कुणीतरी." ते लोकांना फारच आवडलं. दुपारपर्यंत जो येईल तो हळदीचं दूध देऊन जात होता.

मी फोन घेऊन बाथरूममध्ये जायला लागले. आई बोलल्याप्रमाणे काही विचारत नव्हती. नुसतं बघायची. मी बाहेर आले की आधी माझा चेहरा, मग खिडकी. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने वाक्य अर्धं सोडलं आणि बोटाने मीठ मागितलं. मी मिठाची वाटी पुढे सरकवली.

त्याच दिवशी दुपारी एक मत आलं होतं. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. लिहिलं होतं, "माझी आई शेवटचे सहा महिने अशीच बोलायची. ती गेल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. दिवा राहू दे, एवढंच तीनदा मागे नेऊन ऐकलं." मी दोनदा वाचलं. आणि मग काय केलं, तर खाली सरकले. हळदीच्या दुधाच्या एवढ्या गर्दीत हे एकटं मत काय करणार, असं वाटलं मला. त्याचा फोटो काढून ठेवायचंही सुचलं नाही.

चौथ्या दिवशी विद्यार्थिनीचा फोन आला. "ताई, चॅनेलवाल्यांनी आजीचं विचारलंय. काय म्हणायचंय ते नाही बोलले. बघू." ते "बघू" मला दिवसभर पुरलं. संध्याकाळी मी गॅलरीत बसून, अगदी पाण्याच्या तक्रारीसारखं, झपझप लिहून काढलं: "आजीचा आवाज थेट काळजाला भिडला. अनुभवाने पिकलेला हा आवाज पुढील भागांतही ऐकायला आवडेल." खाली कंसात लिहिलं, "हा नमुना आहे. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहावे. आईला कळू देऊ नये." सिनेमाच्या पानाचा पत्ता जोडला आणि ग्रुपवर टाकलं.

आपापल्या शब्दांत! ज्या माणसांनी आजवर वाढदिवसापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं माझ्याच शब्दांत उरकलं, त्यांना मी हे सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पान उघडलं. माझा मजकूर जसाच्या तसा, एकाखाली एक, तीसेक वेळा. कंसासकट. "आईला कळू देऊ नये" हेही तीसेक वेळा. ज्यांना तेवढंही करायचा कंटाळा, त्यांनी सवयीने नुसतं लिहिलेलं. ए-२०३ सहमत. बी-४०२ सहमत. एका काकूंनी "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" दिल्या होत्या. सेक्रेटरी काकांनी "बी विंगतर्फे जाहीर पाठिंबा" दिला होता. आणि त्याखाली बाहेरचे लोक तुटून पडले होते. "सिनेमा आहे की सोसायटीची जनरल बॉडी?" "आजी चेअरमनपदाला उभी आहे वाटतं." "कुणाची आई रे ही?"

मी जिन्यात जाऊन एकेकाला फोन लावत सुटले. काढा ते, आत्ताच्या आत्ता काढा. सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, टाकायचं कसं ते मुलीने दाखवलेलं. काढायचं कसं ते ती आली की विचारतो. पण बरोबर आलंय ना सगळं?" त्यांच्यावर ओरडणार तरी कशी? त्यांनी मी सांगितलं तेच तर केलं होतं.

सहाव्या दिवशी पान उघडलं तर खाली एकच ओळ होती. मतं बंद करण्यात आली आहेत. जुनीही सगळी गेली होती. हळदीचं दूध गेलं, सहमत गेलं, आणि ते एक मतही गेलं. मी वेड्यासारखी पान वरखाली करत राहिले.

आठव्या दिवशी सुट्टी टाकून वर्तकनगरला गेले. विद्यार्थिनीने बसही म्हटलं नाही. "ताई, त्यांना वाटतंय हे मी करवून घेतलं. पुढचे दोन्ही सिनेमे काढून घेतले. बाईंचेच नाही, माझेच काढून घेतले." मी काही बोलायला गेले तर तिने हात वर केला. "आणि तुम्हाला सांगू? त्यांना आजी आवडलेली. ते हळदीचं वगैरे त्यांना काहीच नव्हतं. म्हणाले, लोक हसतायत म्हणजे लक्षात राहिलीय. सोमवारी मला हो सांगणार होते."

मी खाली बघून विचारलं, "तिसऱ्या दिवशी एक मत आलेलं. एकाच्या आईबद्दल. वाचलेलंस तू?"

"त्या ढिगात मला काही दिसलं नाही, ताई." थोडं थांबून ती म्हणाली, "बाईंना मी सांगू का?"

"नको. मी सांगते."

शीळफाट्याला तासभर अडकले. पहिल्यांदाच वाटलं, हा रस्ता सुटूच नये.

घरी आले तेव्हा आई हॉलमध्ये खुर्चीत बसली होती. इस्त्रीची साडी, चष्मा, मांडीवर वही, हातात टोपण काढलेलं पेन. मी चपला काढेपर्यंत तिने वाट पाहिली.

"चौथ्या मजल्यावरची सकाळी लिफ्टमध्ये भेटली," ती म्हणाली. "म्हणाली, बाई, मी पहिल्या तासातच सहमत टाकलं हं. मी विचारलं, कशाशी? ते काही तिला आठवेना."

मी जमिनीवरच बसले. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पहिल्या दिवशीचं "मस्त"सुद्धा सांगितलं. घसा बसल्याचं सांगितलं. हळदीचं दूध सांगितलं तर आई चक्क हसली. "हे बरं आहे," म्हणाली, "माझ्या मागच्या बाकावरची कार्टी हेच म्हणाली असती." आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. तिला त्याचं काहीच लागलं नव्हतं. चार दिवस मी ज्याच्यापासून तिला वाचवत होते, ते तिने एका ओळीत टिपून ठेवलं.

मग माझा नमुना सांगितला. तो तिने लिहून घेतला नाही.

"पुढचे दोन?"

"गेले."

"तिचे पण?"

"हो. तिचे पण."

खाली गाड्या लावताना कुणीतरी कुणावर ओरडत होतं. मला एकच गोष्ट तिला द्यायची उरली होती आणि मी घाईघाईने ती पुढे केली. "आई, पण एक मत खरं होतं. तिसऱ्या दिवशीचं. मला पाठ आहे." आणि म्हणून दाखवलं. माझी आई शेवटचे सहा महिने अशीच बोलायची. ती गेल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. दिवा राहू दे, एवढंच तीनदा मागे नेऊन ऐकलं.

पेन वहीवर टेकलं होतं, पण चाललं नाही. "दाखव," आई म्हणाली.

"काढून टाकलं गं त्यांनी. सगळ्यांबरोबर तेही."

"कुणी लिहिलं होतं?"

"नाव नाही आठवत."

वडिलांनी लिहून दिलेला निबंध स्वतःचा म्हणून आणणाऱ्या मुलाकडे ती जशी बघायची, तशी माझ्याकडे बघत राहिली. रागावून नाही. "आई, खरंच होतं ते," मी म्हणाले, "तुझी शपथ." माझा आवाज चिरकला होता.

तिने पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज पुन्हा वाक्याच्या शेवटी विरला.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली.