ताक कुणी मोजलंच नाही

चौथीच्या वर्गात शिकवताना पोटात कळ आली की मी मुलांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावून बाहेर पळायची. माझ्या वर्गाचे पाढे शाळेत सगळ्यांत पक्के होते, आणि त्यामागचं कारण फक्त मला ठाऊक होतं. लग्नकार्याला जायचं म्हटलं की नवरी कशी दिसते याआधी तिथं संडास कुठे आहे याची चौकशी. पाच वर्षं असं चाललं होतं.

शेवटी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, आतडी नाजूक आहेत, त्यातून दूध सोसत नसावं. "छह हफ़्ते दूध और दूध की सब चीज़ें बंद करके देखिए."

सासूबाईंनी हे फारच मनावर घेतलं. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. इथं हिंदी मुलखातच, खंडेराव गेटपाशी जन्मल्या, आणि लग्न होऊन आल्या त्याही दोनच गल्ल्या पलीकडे. मी नागपूरची, त्यामुळे त्यांचं जुन्या वळणाचं, मधेच हिंदीत शिरणारं मराठी समजायला मला पहिलं वर्ष लागलं होतं. आता त्यांनी माझा चहा काळा केला. मानिक चौकातून आलेले पेढे परस्पर शेजारी पोचवले. नवऱ्यानं सवयीनं पनीर आणलं, तर त्याची कंबख्तीच भरली. "डॉक्टर साहब ने मना किया है ना!" हे आल्यागेल्यालाही ऐकावं लागायचं. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. माझ्या पोटासाठी कुणी एवढं भांडेल असं वाटलं नव्हतं.

फक्त ताक त्यात कुणी मोजलंच नाही. आमच्याकडे मागचा ताकभात झाल्याशिवाय पानावरून उठत नाहीत, आणि पोट बिघडलं की पहिलं औषध ताकच. सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्याशी उभं राहवत नाही. पण ताक रोज त्याच घुसळतात, खुर्चीत बसून, हिंग-जिरं घालून. घरातलं तेवढं एकच काम त्यांच्याकडे उरलंय. दूध बंद झाल्यावर त्यांनी माझ्या वाटीभर ताकाचे तीन पेले केले. "दूध सुटलं, आता ताकानंच आतडी धरतील," असं म्हणून पेला रिकामा होईपर्यंत समोर बसून राहायच्या.

दुसऱ्या आठवड्यात त्या दोन दिवस नणंदेकडे ग्वाल्हेरला गेल्या. ताक करायला घरात कुणाला वेळ नव्हता. दोन्ही दिवस माझं पोट शांत. त्या परतल्या, ताक सुरू झालं, आणि कळाही सुरू झाल्या. गणित चौथीच्या मुलांनाही सुटलं असतं. मलाही सुटलं. पण रोज सकाळी काय आणि कसं बोलायचं ते जुळवत बसायची आणि तोवर पेला रिकामा झालेला असायचा.

सहा आठवड्यांनी सासूबाई हट्टानं माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. दिवसभरात काय काय खाता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पोळी-भाजीपाशीच घुटमळले. सासूबाईंनी अभिमानानं सांगून टाकलं, "और तीन गिलास मट्ठा. हम अपने हाथ से देते हैं."

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते हळूच म्हणाले, "अम्मा जी, मट्ठा भी दूध से ही बनता है. किसी-किसी को चल जाता है. इनको नहीं चल रहा."

परतताना ई-रिक्षा लक्ष्मी गेटपाशी आली. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दीड महिना मीच तुला आजारी पाडत होते."

त्यांच्याकडे बघवेना. मी घाईघाईनं म्हणाले, "नाही हो आई. तुम्ही ग्वाल्हेरला गेलात ना, मला तेव्हाच कळलं होतं. मीच पीत राहिले. तुमचा काय दोष?"

एवढं सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडेल अशी माझी समजूत.

"तेव्हाच कळलं होतं? आणि बोलली नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट तो आत्ता वाटतंय," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली तुला या घरात. पोट दुखतंय एवढंही सांगता येऊ नये, इतकी परकी आहे मी?"

इतकी वर्षं मी त्यांचं मन सांभाळतेय असंच मला वाटत होतं, आणि त्याचा थोडा गर्वही होता. त्या मात्र मला आपलं मानून औषध पाजत होत्या, आणि मी पाहुण्यासारखी संकोचानं पीत होते. मला स्वतःची लाज वाटली.

दुपारी मी आडवी झाले होते. त्या भिंतीला धरत धरत खोलीत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि विचारलं, "पोट कसं आहे?"

"ठीक आहे," मी सवयीनं म्हणाले.

त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत बसून राहिल्या.

"दुखतंय, आई," मी म्हणाले. "फार दुखतंय."