फुगूच्या हॉटेलातलं औक्षण

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर एस.टी. सुटता सुटता आई खिडकीशी येऊन म्हणाली, "परक्या मुलखात फुगून बसू नकोस. माणसांत मिसळ." लग्नाला तीन महिने झाले होते. हे आधीच विलायतेत हॉस्पिटलात लागले होते, मी त्यांच्यामागे निघाले होते. मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, आईचा शब्द मी पाळला. तीस वर्षं लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये मिसळले, इतकी की शेजारणीच्या कुत्र्याच्या बर्थडेलासुद्धा कार्ड दिलं.

ह्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला मी घरी श्रीखंड-पुरी करणार होते. पण आमचा निखिल, जन्म इथलाच, मराठी मोडकंतोडकं, लंडनमध्ये बँकेत मोठ्या जागेवर, म्हणाला, "आई, नो कुकिंग. मी टेबल बुक केला आहे. फुगू! जपानचा सगळ्यात डेंजरस मासा." फुगू म्हणे. मला आधी वाटलं, पोरगं थट्टा करतंय.

हॉटेलात पोचलो आणि मेन्यूवरचं चित्र बघून मी ओरडलेच, "अगं बाई, हा तर केंड!" आमच्याकडे रापणीत, किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यात, केंड आला तर कोळी शिव्या घालून वाळूत भिरकावतात. पोरं काठीने डिवचून त्याचं पोट फुगवतात. मांजरसुद्धा तोंड लावत नाही त्या विषाला. आणि इथे त्याच्यासाठी सूट घालून यायचं! वर वेट्रेसने नम्रपणे सांगितलं की, मालकांच्या जपानमधल्या हॉटेलात फुगू असतो, पण ह्या देशात तो वाढायला बंदी आहे; त्याच पद्धतीने कापलेला दुसरा मासा मिळेल. म्हणजे केंडही नाही, नुसतं केंडाचं नाव! माझं डोकंच फिरलं. हे हळूच म्हणाले, "जाऊ दे गं."

जाऊ दे. तीस वर्षं हेच ऐकतेय. हॉस्पिटलात ह्यांचं नाव कापून 'बॉब' केलं, जाऊ दे. मागून आलेले पुढे गेले, जाऊ दे. ह्यांनी कधी आवाज चढवला नाही, म्हणून मीही गप्प बसले.

पण वाढदिवसाला ओवाळायचं मी सोडणार नव्हते. कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत तुपात भिजवलेली फुलवात आणली होती. तबक, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं हँडबॅगेत. पर्समधली अंगठी तबकात ठेवते न ठेवते, तोच निखिलने माझा हात धरला. "आई, प्लीज, इथे नको. माझा ऑफिसची लोक इथे येतात. आणि हेल्थ अँड सेफ्टी आहे, फायर चालणार नाही."

हात मागे घेतला मी. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर केक आला. वर मोजता येणार नाहीत इतक्या मेणबत्त्या. सगळे टाळ्या वाजवतायत, मोबाइलवर फोटो काढतायत, आणि आमचे चिरंजीव सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवतायत!

"तिथं हेल्थ अँड सेफ्टी कुठे गेली रे?" मी विचारलं. मोठ्याने, मराठीत. "त्यांची मेणबत्ती ती पार्टी आणि माझी वात ती आग? लाज वाटते ना तुला? कोणाची? माझी, का बापाची?"

"आई, डोंट मेक अ सीन."

मग ह्यांनी नॅपकिन बाजूला ठेवला. उठून उभे राहिले आणि वेट्रेसला खणखणीत इंग्रजीत विचारलं, "एक्स्क्यूज मी, ह्या खोलीत पूर्व कुठल्या बाजूला?" तिने क्षणभर विचार केला आणि किचनकडे बोट दाखवलं. ह्यांनी खुर्ची सरकवली, किचनकडे तोंड करून ताठ बसले आणि मला म्हणाले, "लाव गं वात."

लावली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठी फिरवून ओवाळलं. वेट्रेसने मधले ग्लास उचलून मला जागा करून दिली. निखिल ताटलीत बघत होता. त्याला बोलवायचं ह्यांच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही.

त्या गोष्टीवरून तो अजून फोनवर तुटक बोलतो. बोलू दे. मी सॉरी म्हणणार नाही. तुम्ही मागे राहिलेले पत्रातून विचारता, "आता घर कुठलं, वेंगुर्लं का वॉटफर्ड?" मला विचाराल तर, जिथे माझ्या नवऱ्याला ओवाळताना मला कोणाची परवानगी लागत नाही, ते माझं घर. आणि ती परवानगी पोटच्या पोराने मागायला लावली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.