कुणाचं नाव राहायला नको

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी हात वर केला आणि भर सभेत तो मला खाली घ्यावा लागला. तेव्हा मी साडेअठरा वर्षांची होते. आमचं गाव पवना धरणाच्या बाजूचं, गडाच्या पायथ्याचं. शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो, म्हणून त्या दोन दिवशी शाळेचं मैदान पार्किंगला द्यायचं, असा ठराव मांडला होता. त्या मैदानावर आम्ही मुली कबड्डी खेळायचो. ‘विरोधात कोण?’ असं ग्रामसेवकांनी विचारताच मी हात वर केला. ते मोजत माझ्यापर्यंत आले, तेवढ्यात मागून आवाज आला, “तिचा धरू नका. मतदार यादीत नाव न्हाई तिचं. पावणी हाय ती.”

बोलणारे भाऊ आमच्या शेजारचे. त्यांच्या ट्रॅक्टरवर बसून मी लहानपणी खळ्यावर जायचे. दुसरं कुणी बोललं असतं तर मी भांडले असते. त्यांच्यापुढे मी हात खाली घेतला. माणूस खोटंही बोलत नव्हता. ठराव मंजूर झाला.

माझा जन्म लोणावळ्याचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका हॉटेलात आचारी होते. मी सहा वर्षांची असताना ते नोकरीसाठी परदेशी गेले आणि मागोमाग आईला आणि मला घेऊन गेले. त्या देशाचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्याने माझं काही वाईट केलं नाही, उलट शाळा फार चांगली दिली. मी अकरा वर्षांची असताना आप्पांनी तिथलं नागरिकत्व घेतलं. दोन्हीकडचं ठेवता येत नव्हतं, म्हणून इथलं लेखी सोडलं. त्यांच्याबरोबर माझंही गेलं आणि मला तिथला पासपोर्ट मिळाला. आई मात्र अडून बसली. “माझं हाय तितंच ऱ्हाऊ द्या,” म्हणाली. दोन वर्षांनी इकडे शेत पडीक पडायला लागलं, तेव्हा ती मला घेऊन परत आली. आप्पा तिकडेच राहिले. मला इथे राहायला, शिकायला मूळच्या भारतीयांना देतात ते कार्ड मिळालं होतं, त्यामुळे कामशेतला कॉलेजला जाताना मी कुणी वेगळी आहे हे माझ्या डोक्यातही नसायचं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवले नाही. आईने दोनदा ताट वाढलं, तिसऱ्यांदा म्हणाली, “रुसून यादीत नाव येत आसंल तर खुशाल रूस.” दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वडगावला एका वकिलीणबाईंकडे गेली. बाईंनी कागद पाहिले आणि सरळ सांगितलं. आई-बापापैकी एकाने नागरिकत्व सोडलं, की त्याच्या अठराखालच्या मुलांचंही जातं. मात्र मुलाला अठरा पूर्ण झाल्यापासून एक वर्ष असतं. तेवढ्यात ‘मला परत इथलं नागरिक व्हायचंय’ असं लिहून दिलं तर परत होता येतं. वर्ष उलटलं की हा रस्ता बंद.

माझा वाढदिवस जूनमध्ये. हातात साडेचार महिने होते. मी तिथेच ठरवलं. बाईंनी विचार करायला वेळ घे म्हटलं, तर मी म्हटलं, माझ्यासाठी एकदा दुसऱ्याने विचार केलाय, तेवढा पुरे.

अडचण आप्पांची होती. त्यांच्या नागरिकत्व सोडल्याच्या दाखल्याशिवाय माझा अर्ज पुढे सरकत नव्हता आणि दाखला त्यांच्याकडे होता. फोनवर ते आधी हसले, मग चिडले. “खुळी का काय तू? त्या पासपोर्टासाठी लोक जीव टाकत्यात. मी पंधरा-पंधरा तास भट्टीपुढं हुबा ऱ्हायलो त्याच्यासाठी.” नंतर ते फोन घेईनात. आईलाच विचारायचे, डोकं ठिकाणावर आलं का म्हणून. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी रोज कॉलेजातून आले की त्यांना एकच मेसेज टाकायचे, ‘दाखला’. एवढाच शब्द. हट्टीपणात मी त्यांचीच लेक.

एप्रिलमध्ये एका रविवारी त्यांनी स्वतःहून फोन केला. त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या अर्जाची गोष्ट सांगितली. माझे आजोबा वारले तेव्हा आप्पा लोणावळ्याला हॉटेलात होते. गावी वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर त्यांचं एकट्याचं नाव लावायचं राहून गेलं. ते चढवायला सहा वर्षं त्यांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हापासून कुठलाही फॉर्म हातात आला, की ते घरातल्या सगळ्यांची नावं आधी घालतात. रेशनकार्ड असो की बँक, कुणाचं नाव राहायला नको. नागरिकत्व सोडायच्या अर्जात ‘अल्पवयीन मुले’ असा रकाना दिसला, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी, ठळक अक्षरात, माझं नाव लिहिलं.

“मला वाटलं, न्हाई लिवलं तर तुझा हक्क जाईल,” ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की लिहिलं नसतं तरी कायद्याने गेलंच असतं, वकिलीणबाई म्हणाल्यात. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यावर मी जरा जास्तच बोलते. म्हटलं, “आप्पा, तुम्ही मला न विचारता नेलंत. मी तुम्हाला विचारून परत येतेय. एवढं तरी बरं केलं ना मी?”

“म्हंजे आता घरात मी एकलाच परका,” ते म्हणाले.

मी रडले, त्यांनाही ते ऐकू गेलं. पण मी माघार घेतली नाही.

आठवड्याने कुरिअर आलं. दाखला होता, पण खराब होऊ नये म्हणून आप्पांनी त्याला आणि सोबतच्या दोन प्रतींना लॅमिनेशन करून पाठवलं होतं. प्लॅस्टिकवर साक्षांकनाचा शिक्का बसेना! वकिलीणबाईंनी कपाळाला हात लावला. आप्पांकडून वकिलातीतल्या नव्या प्रती मागवण्यात मे संपत आला. शेवटी वाढदिवसाला नऊ दिवस उरले असताना मी आणि आई पुण्याला कलेक्टर कचेरीत गेलो आणि अर्ज दिला. पोचपावती मी येताना वाटभर हातातच धरली होती, पिशवीत ठेवायला मन होईना.

त्यानंतर सव्वा वर्ष चौकशा आणि चकरा झाल्या. माझं प्रमाणपत्र आलं. परदेशी पासपोर्ट मी परत केला, तेव्हा सोपं गेलं नाही हे कबूल करते. तिथल्या शाळेतल्या मैत्रिणी आठवल्या. मग मतदार नोंदणीचा फॉर्म भरला.

यंदा नवी यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. मी बोट फिरवत आमच्या घरापाशी आले. आईचं नाव होतं. आप्पांचं नाव कित्येक वर्षांपूर्वीच वगळलेलं. आईखाली माझं नाव आणि त्याच्याखाली, सगळ्यांच्या असतो तसा, एक रकाना: वडिलांचे नाव. तिथे आप्पा होते, पूर्ण नावाने, आडनावासकट.

मी फोटो काढून पाठवला. मिनिटभरात त्यांचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, ते कामावरच होते. त्यांनी आईचं नाव वाचलं, माझं वाचलं, मग स्वतःचं वाचलं, शाळेतल्या मुलासारखं सावकाश.

“कुणाचं ऱ्हायलं न्हाई,” ते म्हणाले. नाक ओढल्याचा आवाज आला. “मंग आता त्या मैदानाचं काय करतीस?”

“एक मेला ग्रामसभा आहे,” मी म्हटलं. “विषय मीच दिलाय.”