आईच्या फोनवर उघडलं तर

आमचा धाकटा भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा. पोरं त्याला नकाशेमास्तर म्हणायची. मी त्याच्याच घरात खालच्या खोलीत शिवणकाम करते, त्यामुळे त्याचं काय चाललंय ते मला दिसायचं सगळं, कळायचं अर्धंच.

मागे त्याच्या डोक्यात आलं की पोरांनी पुस्तकातले नकाशे रंगवण्यापेक्षा फोनवर आपल्याच गल्लीचा नकाशा भरावा. कुठला नळ गळतो, कुठला दिवा लागत नाही. बोट ठेवलं की टिंब उमटतं, बाजूला दोन शब्द लिहायचे. असे बरेच उपक्रम केले त्याने. केले खरे, पण पोरांना नेटवर द्यायचे कसे, तिथे घोडं अडलं. आधी ब्लॉग केला. मग साधी पानं केली, एकामागे एक. मग एक लांबच लांब पान केलं, सरकवत गेलं की मागे नकाशा हलतो आणि याचा आवाज सांगत जातो. रोज वेगळंच आवडायचं. मी म्हटलं, अरे साडी निवडतोयस का. तर म्हणे, ताई, साडी बदलून तरी मिळते, पोरं एकदा कंटाळली की गेली.

त्याची एक रीत होती. काहीही केलं की आधी आईच्या फोनवर उघडून बघायचा. आई जाऊन वर्षं झाली, पण तिचा तो तडकलेला फोन याने टाकला नाही. या म्हातारीवर उघडलं तर वर्गात कुणाच्याही फोनवर उघडेल, म्हणायचा.

आणि निवडायच्या आधीच गेला. शाळेत जायला बूट घालत होता. डॉक्टरांनी समजावलं, मी मान हलवली. असं कसं, ते अजून कळलेलं नाही.

मग त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. म्हणाल्या, शाळा नेटवरचं सगळं नव्या जागी हलवतेय, तिन्ही ठेवता येत नाहीत, एक सांगा, बाकीचं पुसलं जाईल. भावजय लगेच म्हणाली, आवाजाचं. बाईंना ब्लॉग बरा वाटत होता, पोरांना खाली प्रश्न विचारता येतात म्हणून. पण ब्लॉगमध्ये शेवटचा धडा सगळ्यात वर आणि पहिला तळाला. पोरांनी उलटं शिकायचं का? दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

काही सुचेना म्हणून आईचा फोन काढून चार्जिंगला लावला. आवाजाचं पान उघडलं. नुसतं चक्र फिरत राहिलं.

"थोडं थांबा ना, ताई," भावजय मागून म्हणाली.

थांबलो. चक्र फिरतच होतं. ब्लॉग उघडला, रडतखडत. साधी पानं मात्र पटकन उघडली. पहिला धडा पहिला. फोटो नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं आणि नकाशा, धुतलेल्या मांजरपाटासारखी कोरी.

"ही ठेवा," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

भावजय आत गेली. बाईंनी तो आवाज तिच्या फोनमध्ये उतरवून दिला, पण ती लावत नाही. मी बरोबर केलं की तिचं माणूस दुसऱ्यांदा नेलं, काही कळेना. मशीनवर बसले की टाका वाकडा जायचा.

परवा संध्याकाळी सहज आईच्या फोनवर ती पानं उघडली. पोरांनी बंद दिव्यांचा नकाशा भरायला घेतलाय. कुठे कुठे टिंबं. एक आमच्या दाराशी. बाजूला लिहिलेलं, सरांच्या घरासमोरचा, बंद. बाहेर जाऊन बघितलं तर खरंच बंद. कधीपासून कोण जाणे. आम्ही दोघी त्याच अंधारातून ये-जा करत होतो.

भावजयीला हाक मारली. ती वर खांबाकडे बघत राहिली. म्हणाली, "हे कळवायचं कुणाला असतं, ताई?"

मला काय माहीत. असलं सगळं तोच करायचा. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिथेच दारात उभं राहून नकाशाखाली त्याने लिहिलेलं वाचायला लागली, बोट ठेवून, मोठ्याने.

"टिंब ठेवलं म्हणजे काम झालं असं समजू नका, शहाण्यांनो. पुढचं पान उघडा."

अगदी त्याच्याच सुरात वाचलं गेलं तिच्याकडून. मग पुढचं पान दाबलं. लगेच उघडलं.