अमेरिकेचं सरकार बंद पडलं तेव्हा

मस्कत सोडून बरीच वर्षं झाली, तरी केस कापायला बसलो की तिथल्या अल हैल भागातला रत्नागिरीचा तो न्हावी आठवतो. देशाचं कौतुक करताना त्याची कात्री हवेतच चालायची. "आपल्यासारखी लोकशाही दुनियेत नाय. खलास!"

२०१३ साली संसदेत बजेट अडकल्यामुळे अमेरिकेचं सरकार बंद पडलं. टीव्हीवर ती बातमी बघून आम्ही गिऱ्हाइकं हसलो. खुर्चीतला अमेरिकन म्हातारा ओशाळला. "माझी मुलगी सरकारी नोकरीत आहे," तो म्हणाला, "बिनपगारी घरी बसलीय."

न्हाव्याने टीव्ही बंद केला. म्हाताऱ्याच्या मानेवर हळूच पावडर फिरवत मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "साहेब, आमची संसदपण सारखी बंद पडते."

परक्यापाशी त्याने हे कबूल केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हातारा हसला, मग तोही.